गंजाचा डाग आणि गाळाचा डाग: शहापुरातल्या एका दुकानाच्या नुकसानभरपाईचं प्रकरण

गौरी यायच्या दिवशीच रजिस्टर पाकीट आलं. काकांनी ते फोडलं, आत इंग्रजी दिसलं आणि नेहमीसारखं माझ्याकडे सरकवलं. वकिलाची नोटीस होती. छत गळून आणि दुकानात पाणी शिरून झालेल्या नुकसानीपोटी पंधरा दिवसांत ३,८६,००० रुपये द्या, नाहीतर दावा लावू. पाठवणारा आमचाच भाडेकरू. आठ वर्षं रोज सकाळी शटर वर करताना काकांना नमस्कार घालणारा माणूस.

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. काका म्हणाले, "पाऊस काय मी पाडलो?"

हे वाक्य महिन्याभरात त्यांनी पाचव्यांदा तरी म्हटलं असेल. पहिल्यांदा म्हटलं ते भाडेकरूच्या तोंडावर, गुडघ्याएवढ्या चिखलात उभं राहून. त्या दिवशी अण्णा (भाडेकरूला गल्लीत सगळे अण्णाच म्हणतात) पैसे मागायला आलेच नव्हते. ते फक्त म्हणाले होते, "काका, आत येऊन जरा बघा तरी." काका आत गेले नाहीत. माझ्या हिशेबानं ३,८६,००० मधले निम्मे पैसे त्या एका वाक्याचे होते.

मी बेळगावात छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटी बघतो, त्यामुळे मालक आणि भाडेकरू दोघांच्याही बाजूनं अशी भांडणं पाहिली आहेत. हे घरातलंच होतं. सगळं मिटून आता बरीच वर्षं झाली, म्हणून लिहितो. नावं घेत नाही.

घर बेळगावच्या शहापूर भागातलं, मंगळूरी कौलांचं, जुनं. पुढच्या अंगाला रस्त्यावर उघडणारं दुकान काकांच्या वडिलांनी मागाहून काढलं, त्यावर पत्रा. कौलांचा उतार आणि पत्र्याचा उतार एकमेकांकडे तोंड करून, मध्ये पन्हाळ. अशी जोडकामाची घरं शहापूर-वडगावात पुष्कळ आहेत आणि पाणी घरात शिरतं ते बहुधा त्या पन्हाळीतनंच. दुकान २२ बाय १४ फुटांचं. अण्णा साड्या विकतात: पॉवरलूमच्या, सुती, थोड्या इरकल, लग्नसराईत थोडा भारी माल. भाडं ९,०००, डिपॉझिट एक लाख. बाँडवर अकरा महिन्यांचा करार २०११ मध्ये झाला, तीनदा नवा केला. शेवटचा संपल्यावर कुणालाच आठवण राहिली नाही. भाडं येत राहिलं, काका पावती फाडत राहिले.

ऑगस्ट २०१९ चा पाऊस बेळगावकरांना सांगायची गरज नाही. नागपंचमी ५ तारखेला होती आणि त्या आठवड्यात पाऊस थांबलाच नाही. बळ्ळारी नाल्याचं पाणी वडगाव-येळ्ळूरकडच्या भातात पसरलं, तिकडे यमगर्णीजवळ वेदगंगा रस्त्यावर आली आणि पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. गोकाकात घटप्रभेनं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. आमच्या गल्लीत गटार उलटं वाहिलं आणि उंबरठ्यावरनं फूटभर पाणी दुकानात गेलं. त्याच रात्री वर पन्हाळीचा पत्राही सुटला.

पाणी दोन वाटांनी आलं, ही गोष्ट सुरुवातीला कुणीच सुटी करून बघितली नाही. अण्णांच्या लेखी "दुकान बुडालं". काकांच्या लेखी "पूर आला". नोटिशीतही एकच रक्कम होती, फक्त चार तुकड्यांत मांडलेली: माल २,४०,०००, फर्निचर ५५,०००, २२ दिवस दुकान बंद त्याचे ६६,०००, आणि मनस्तापाचे २५,०००.

काकांना तेव्हा तीन गोष्टी करायच्या होत्या. दुकानाला कुलूप घालायचं, हेस्कॉमचा मीटर त्यांच्या नावावर आहे म्हणून लाइट तोडायची, आणि पंधरा दिवसांत खाली कर म्हणून उलट नोटीस द्यायची. त्यात अण्णांनी सप्टेंबरचं भाडंही दिलं नव्हतं. "नुकसानीतनं कापून घेणार" असा निरोप होता.

कुलपाचं आधी निकाली काढलं. भाडेकरूला कोर्टाबाहेर हुसकून लावलं तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ च्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कुणाची हा प्रश्नच नसतो. म्हणजे आज आपल्याकडे मागणी आहे, उद्या आपणच आरोपीसारखे उभे. लाइटचंही तसंच. काकूंनी माझ्या बाजूनं एक वाक्य टाकलं, "अहो, गौरी घरात आहे आणि दारात अंधार करताय होय?" कायद्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

दुसरा घोळ कोल्हापूरहून आला. चुलतबहिणीचे यजमान तिकडे फ्लॅट भाड्यानं देतात. त्यांनी फोनवर सांगितलं की दुरुस्तीची जबाबदारी कायद्यानंच मालकाची असते, आणि करार रजिस्टर नसेल तर मालकाचं काही चालत नाही. ते खोटं बोलत नव्हते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये कलम १४ दुरुस्तीचं आहे आणि कलम ५५ लेखी, नोंदणीकृत कराराचं. पण तो कायदा कागलच्या पुढे येत नाही. मराठीत भाडेकरू-मालकाबद्दल जे वाचायला मिळतं ते जवळजवळ सगळं महाराष्ट्राचं असतं, आणि आपण बेळगाव-निपाणी-खानापूरची माणसं ते वाचून इकडे भांडतो. मनानं आपण कुठंही असू दे, दुकान कर्नाटकात आहे.

काकांचं स्वतःचं डोकं तर आणखी मागे, १९६१ च्या जुन्या कर्नाटक भाडे नियंत्रण कायद्यात अडकलेलं. तो गेला. त्याच्या जागी कर्नाटक रेंट ॲक्ट, १९९९ आला आणि २००१ च्या शेवटी लागू झाला. हा नवा कायदा दुकानांना फारसा लागतच नाही: धंद्याची जागा १४ चौरस मीटरच्या आतली असेल तरच. १४ चौरस मीटर म्हणजे साधारण दीडशे चौरस फूट. आमचं दुकान ३०८. म्हणजे भाडे कायदा बाजूला, आणि लागू ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी ॲक्ट, १८८२. टेप घेऊन दुकान मोजलं तेव्हा काका हसले, पण भांडण कुठल्या कायद्यात आहे हे त्या टेपनंच ठरवलं.

१८८२ चा कायदा मालकाला सोपा वाटतो. त्यात छत दुरुस्त करायचं बंधन मालकावर सरसकट घातलेलं नाही. करारात असेल तरच. म्हणून मी करार काढला. इंग्रजी मजकूर, स्टँप वेंडरच्या शेजारच्या टायपिस्टकडचा ठरलेला नमुना, खाली काकांची ठसठशीत मराठी सही. दुसऱ्या पानावर सातवं कलम: छप्पर आणि बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती मालकानं करायची, आतला रंग आणि वायरिंग भाडेकरूनं. काकांनी ते आठ वर्षांत एकदाही वाचलेलं नव्हतं. "टायपिस्ट घालतो ते सगळं," ते म्हणाले. घालतो, पण सही आपली असते. करार संपला होता हे खरं. पण मुदत संपल्यावरही भाडं घेत राहिलं की कलम ११६ प्रमाणे भाडेपट्टा महिन्याच्या हिशेबानं पुढे चालू राहतो, आणि अटी जुन्याच लागतात. सातवं कलम जिवंत होतं.

मग मी काकांचा फोन मागितला.

मे महिन्यातला व्हॉट्सॲप मेसेज. अण्णांनी शिडीवरनं काढलेला फोटो: पन्हाळीचा पत्रा गंजून जाळी झालेला, भोकातनं खालचा वासा दिसतोय, कडेला कावळ्यानं आणलेल्या काड्या. खाली लिहिलंय, "काका, वरनं गळायलंय. पाऊस लागायच्या आधी बघा की." त्याखाली काकांचा अंगठा.

"अंगठा म्हणजे मी बघितलो, एवढंच की," काका म्हणाले. बघितलं हेच तर सिद्ध होत होतं. जुन्या काळी अंगठा दिला की घर जायचं. हा त्यातलाच प्रकार, फक्त शाई नव्हती. असा मेसेज कोर्टात चालतो का, असं काकांनी विचारलं. चालतो. तेव्हा पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली प्रमाणपत्र जोडावं लागायचं, आता जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे.

इथपर्यंत आल्यावर मला चित्र स्पष्ट दिसलं. वरून आलेलं पाणी आमचं. खालून आलेलं पाणी कुणाचंच नाही. काकांना मात्र यातलं पहिलं वाक्य मान्य करणं म्हणजे ३,८६,००० ला हो म्हणणं वाटत होतं. मालक लोक इथंच चुकतात. एवढी रक्कम बघून माणूस घाबरतो आणि स्वतःकडचं खरं देणंही नाकारून बसतो. मग समोरचा म्हणतो, हे तर उघड आहे ना, यालासुद्धा नाही म्हणतोय म्हणजे बाकीचंही खरंच असणार. नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं ते आधी निवडावं लागतं.

नोटिशीला उत्तर मुदतीत दिलं, ओळखीच्या वकिलांमार्फत, एका पानाचं. काकांना त्यात आठ वर्षांचे उपकार लिहायचे होते: दिवाळीची मिठाई, लग्नात घातलेला आहेर, एका वर्षी न वाढवलेलं भाडं. वकिलांनी सगळं खोडलं. उरलं ते इतकंच: नोटीस मिळाली, रक्कम मान्य नाही, आमचे सगळे हक्क राखून आम्ही दोघांच्या माणसांसमोर मालाची पाहणी करायला तयार आहोत, खरेदीची बिलं दाखवावीत, आणि भिजलेला माल तोवर विकू किंवा टाकू नये. शेवटचं वाक्य मी आग्रहानं घालून घेतलं. माल गेला की डाग गेले, आणि डाग गेले की उरतो फक्त आवाज.

अण्णांनी साड्या टाकल्या नव्हत्या. घरच्या माडीवर दोऱ्या बांधून वाळवल्या होत्या आणि पोत्यांत भरून ठेवल्या होत्या.

पाहणीला आम्ही पाच जण: मी, अण्णा, त्यांचा मोठा मुलगा, आणि दोघांनी मिळून निवडलेले दोन शेजारी. एक जुने विणकर, दुसरे निवृत्त शिक्षक. काका आले नाहीत. ते आले नाहीत हे बरंच झालं. सतरंजी टाकली, पोती उलटी केली. कुबट वास आला, ओल्या खळीचा. पहिला अर्धा तास नुसता गोंधळ; अण्णा प्रत्येक साडी उचलून तिची किंमत सांगत होते आणि मी प्रत्येक वेळी बिल विचारत होतो.

मग विणकर आजोबांनी एक साडी उजेडात धरली. "हे बघा," ते म्हणाले, "हा गंज." पदरावर तांबूस ठिपके, कडा गडद, मधोमध फिकट, जसा थेंब पडून वाळतो तसा. दुसरी घेतली. "आणि हा गाळ." तिच्या घडीच्या खालच्या कडेला राखाडी पट्टा, सरळ रेघेत, रेघेच्या वर साडी कोरी. गंज वरून थेंबाथेंबानं आलेला, गाळ खालून एकाच पातळीला चढलेला. साडीनं दोन्ही पाणी वेगळं लिहून ठेवलं होतं आणि आम्ही महिनाभर भांडत होतो.

त्यानंतर दोन ढीग झाले. फळ्यांवर माल कसा लावला होता ते अण्णांच्या मुलानं खडूनं जमिनीवर काढलं. पन्हाळीखालच्या भिंतीकडच्या वरच्या दोन फळ्या, त्यातलाच सगळा गंजाचा माल. जमिनीलगतच्या फळीतला आणि खाली ठेवलेल्या गठ्ठ्यांतला गाळाचा. शिक्षक वहीत लिहीत गेले. लाल सुती साडीचा रंग जवळच्या मोतिया साडीत उतरला होता; ती कुठल्या ढिगात? लाल साडी ज्या ढिगात, त्याच ढिगात. एकच साडी अशी निघाली की तिला दोन्ही डाग होते: वरच्या फळीवरनं पाण्यात पडलेली. तिच्यावर वीस मिनिटं वाद झाला. शेवटी शिक्षक म्हणाले, "आधी वरनं भिजली म्हणून खाली पडली, लिहा गंजात." लिहिली.

गंजाच्या ६१, गाळाच्या १९०.

मग किंमत. अण्णांनी २,४०,००० धरले होते ते लेबलावरच्या विक्रीच्या भावानं. नुकसान खरेदीच्या भावानं मोजायचं. विकला असता तर मिळाला असता तो नफा वेगळा मुद्दा. इथं माझ्या धंद्यातली एक बारीक गोष्ट उपयोगी पडली, आणि ती अण्णांच्या बाजूनं गेली. ते जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये (छोट्या दुकानदारांच्या सोप्या योजनेत) आहेत, खरेदीवरच्या जीएसटीचं क्रेडिट त्यांना मिळत नाही. म्हणजे साडीवर भरलेला ५ टक्के कर हा त्यांचा खर्चच. मी तो धरला. आपल्या विरुद्ध जाणारा आकडा आपणच मांडला की समोरच्याचा आवाज खाली येतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. करासकट गंजाचा माल ५२,४०० चा निघाला, गाळाचा १,१८,६०० चा. गंजाच्या साड्या मागाहून सेलला लावून त्यांचे १३,००० आले, ते वजा. राहिले ३९,४००. वरच्या फळ्यांचा प्लाय फुगला होता, सुताराकडून भाव घेतला, ६,५००. एकूण ४५,९००.

गाळाच्या मालाबद्दल अण्णा शांतपणे ऐकून घेतील असं मला वाटलं नव्हतं. घेतलं नाहीच. "दुकान तुमचं, पाणी तुमच्या दुकानात आलं," त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "अण्णा, पाणी गल्लीतल्या प्रत्येक उंबरठ्यावरनं गेलं. त्यातलं मालकानं काय केलं असतं तर ते आलं नसतं, ते एक सांगा." जागेत लपलेला दोष मालकाला ठाऊक असून त्यानं सांगितला नाही, तर १८८२ च्या कायद्याच्या कलम १०८ मध्ये तो मालकावर येतो. पण गल्ली सखल आहे हे आठ वर्षांत अण्णांना काकांइतकंच ठाऊक होतं. अशा पाण्यावर एकच औषध, दुकानदाराचा स्वतःचा विमा. मालकानं इमारतीचा विमा उतरवला तरी त्यात भाडेकरूचा माल येत नाही. बँकेचं कॅश क्रेडिट असतं तर बँकेनंच आग आणि पुराचा विमा घ्यायला लावला असता. अण्णांनी उचल सोसायटीकडून घेतलेली, तिथं कुणी विचारलं नाही. सरकारनं त्या वर्षी पूरग्रस्त कुटुंबांना तातडीचे १०,००० जाहीर केले होते, पण ते घरात पाणी शिरलेल्यांसाठी, दुकानातल्या साड्यांसाठी नव्हे. अण्णा बराच वेळ गप्प बसले. त्या १,१८,६०० चं मला आजही वाईट वाटतं. पण वाईट वाटणं आणि देणं लागणं या दोन वेगळ्या वह्या आहेत.

बंद दुकानाचे ६६,०००, म्हणजे दिवसाला तीन हजार नफा. मी अण्णांना एप्रिल ते जून तिमाहीची विक्री विचारली, रिटर्नमध्ये दाखवलेली. त्यांनी आकडा सांगितला, ४,१०,०००. दिवसाला साधारण साडेचार हजारांची विक्री. साडेचार हजारांत तीन हजार नफा. आकडा तोंडातनं बाहेर पडला आणि ते स्वतःच थांबले. हे काकांना कळलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले: "जीएसटीत कळवतो म्हणून सांग त्याला." मी सांगितलं नाही, सांगणारही नव्हतो. हिशेबाच्या टेबलावर कळलेली गोष्ट धमकीला वापरली की त्यानंतर कुणी आपल्याला खरा आकडा सांगत नाही. शिवाय ते दुकान बंद राहिलं मुख्यतः खालच्या चिखलानं. नुसती पन्हाळ गळली असती तर चार दिवसांत उघडलं असतं. विक्रीच्या वीस टक्के धरले तर दिवसाला नऊशे, चार दिवसांचे छत्तीसशे. मनस्तापाच्या २५,००० वर दोन मिनिटंही गेली नाहीत. धंद्याच्या करारात त्याचे पैसे सहसा मिळत नाहीत, आणि मनस्ताप दोन्ही घरांत झाला होता.

एक गोष्ट राहिली होती, आणि ती काकांच्या बाजूची. इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम ७३ खाली भरपाई मोजताना ज्याचं नुकसान झालं त्यानं ते टाळायला काय करणं हातात होतं, तेही बघतात. अण्णांना मे महिन्यापासून माहीत होतं की वर भोक आहे. मग पन्हाळीखालच्याच फळ्यांवर माल का? त्यांचं उत्तर तयार होतं: जूनमध्ये त्यांनी आतनं प्लास्टिक ताणून बांधलं होतं, दोन महिने त्यानं काम केलं, ऑगस्टच्या पाण्याच्या भारानं ते खाली आलं. मुलानं प्लास्टिकच्या खिळ्यांची भोकं दाखवली. म्हणजे काहीच केलं नाही असं नव्हतं. पण पुरेसं नव्हतं. कायद्यानं दुसरी वाटही होती. दुरुस्ती मालकानं करायची असेल, त्याला सांगूनही त्यानं वेळेत केली नाही, तर १८८२ च्याच कायद्यातल्या कलम १०८ च्या (फ) पोटकलमात भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च व्याजासकट भाड्यातनं कापू शकतो. पत्रेवाल्यानं तेव्हा चार-पाच हजारांत पन्हाळ बदलली असती. अण्णांना हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती.

इथंच एक फरक अण्णांना दाखवावा लागला. भाड्यातनं कापता येतो तो दुरुस्तीचा खर्च. झालेलं नुकसान आपल्या मनानं मोजून भाडं बंद करता येत नाही. तसं केलं तर नुकसानीची मागणी खरी असली तरी भाड्याचा थकबाकीदार आपण होतो. पुढच्या दोन दिवसांत सप्टेंबरचं भाडं आलं. पाकिटात, मुलाच्या हाती. काकांनी पावती फाडली आणि मला म्हणाले, "चहाला बोलव त्याला."

शेवटची बोलणी त्या चहावर झाली, आमच्या सोप्यात. अण्णांचीही काळजी कमी पडली होती, म्हणून मी तीन-चतुर्थांश मांडलं: ४५,९०० चे ३४,४२५. काका म्हणाले, "तीस." अण्णा म्हणाले, "काका, तुम्ही त्या दिवशी आत येऊन बघितला असता तर मी वकिलाकडं गेलोच नसतो." काका काही बोलले नाहीत. काकूंनी कुंद्याची बशी पुढं केली. मग काकाच म्हणाले, "पस्तीस कर. आणि ऑगस्टचं भाडं नको." ऑगस्टचं भाडं महिन्याच्या सुरुवातीलाच आलेलं होतं, ते ऑक्टोबरात वळतं केलं. दुकान काही दिवस बंद होतं म्हणून कायद्यानं भाडं थांबत नाही. जागा कायमची निकामी झाली तरच भाडेकरू पट्टा सोडून देऊ शकतो. ते ९,००० काकांनी आपणहून सोडले, आणि कागदावर तसंच लिहिलं, "मालकाने स्वखुशीने सोडलेले". छत्तीसशेचा प्रश्न त्यातच विरघळला.

तडजोडपत्र मी मराठीत लिहिलं, हातानं. अण्णांच्या घरी कन्नडही बोलतात, पण त्यांनी मराठीच मागितली. आपल्याला वाचता येईल अशा कागदावर सही करायची हे एव्हाना दोघांनाही पटलं होतं. मजकुरात वरच्या पाण्याचं नुकसान आणि खालच्या पाण्याचं नुकसान वेगळं लिहिलं. ३५,००० पैकी १५,००० चेकनं, २०,००० पुढच्या चार महिन्यांच्या भाड्यातनं पाच-पाच हजार वळते. ऑगस्ट २०१९ च्या पावसाबद्दल कुठल्याही बाजूची आणखी मागणी नाही, नोटीस मागे. चेकची पावती वेगळी, रेव्हेन्यू तिकीट लावून. साक्षीला तेच दोघे शेजारी. वकिलांनी सुचवलं होतं की दावा न लावताही लोकअदालतीत नेऊन हुकूम घेता येतो, त्यावर अपील नसतं, कोर्टाच्या डिक्रीइतकं वजन असतं. रक्कम मोठी असती किंवा माणसावर भरवसा नसता तर मी तेच केलं असतं. अशा मागणीला तीन वर्षांची मुदत असते. साधा कागद तीन वर्षं टिकेल का, एवढाच प्रश्न होता.

पन्हाळ ऑक्टोबरात बदलली, जाड ॲल्युमिनियमची, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच चढवून. ९,२०० लागले. मे महिन्यात करून घेतली असती तर निम्म्यात झाली असती, हे पत्रेवाल्यानंच काकांना ऐकवलं.

नवा करार पुन्हा अकरा महिन्यांचा, बाँडवरच. पण या वेळी इंग्रजीच्या शेजारी मराठी मजकूर. सातवं कलम तसंच ठेवलं. त्याखाली दोन ओळी वाढवल्या: दुरुस्तीचा निरोप मिळाल्यावर मालकानं पंधरा दिवसांत माणूस पाठवायचा, न पाठवल्यास भाडेकरूनं करून घ्यायचं आणि बिल भाड्यात धरायचं, आणि मालाचा विमा भाडेकरूनं उतरवायचा. विम्याच्या ओळीवर अण्णांनी खळखळ केली. पहिल्या वर्षी उतरवला, दुसऱ्या वर्षी लॉकडाऊनमध्ये राहून गेला.

जुलै २०२१ मध्ये वेदगंगा पुन्हा महामार्गावर आली आणि आमच्या गल्लीत पुन्हा उंबरठ्याला पाणी लागलं. रात्री अकराला अण्णांचा फोन काकांना. काका बॅटरी घेऊन खाली उतरले, मी मागोमाग. दुकानात सगळा माल वरच्या फळ्यांवर चढवलेला, जमिनीवर फक्त एक स्टूल आणि त्यावर गणपतीचा फोटो. काकांनी बॅटरी आधी छताकडे मारली, पन्हाळीखालच्या कोपऱ्यात. कोरडं होतं. मग स्टुलावरचा फोटो उचलून वरच्या फळीवर ठेवला आणि दोघं दारात उभे राहून पाणी कुठवर चढतंय ते बघत बसले.